शेवटून पहिली

सायकलिंग क्लबात आहे म्हटलं की लोकांना आधी आकडे हवे असतात. ॲव्हरेज किती पडतो, सिंहगड किती मिनिटांत चढता, सायकल केवढ्याची. हा शेवटचा प्रश्न पुण्यात पहिल्या दोन मिनिटांत येतोच, आणि उत्तर ऐकल्यावर "एवढ्यात चांगली स्कूटर आली असती की" हेही येतं. माझ्याकडे सांगण्यासारखे आकडे नाहीत, कारण बहुतेक रविवारी मी आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात मागे असते. मुद्दाम मागे. आमच्यात त्याला स्वीपर म्हणतात. पुढे एक लीड, त्याला ओव्हरटेक करायचं नाही, मागे एक स्वीपर, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि मधे त्या दिवशी जी पंधरा-वीस डोकी उठू शकली ती. ऑफिस नाही, पावती नाही, अध्यक्ष नाही (मधे अध्यक्ष नेमायचं चाललं होतं, पण पुण्यात अध्यक्ष झाला की लगेच दुसरा क्लब निघतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते राहिलं).

टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या रायडरच्या मागून एक गाडी चालते, १९१० सालापासून, ज्याला पुढे जाणं शक्य नाही त्याला उचलून घ्यायला. तिच्यावर पूर्वी खरोखरचा खराटा बांधलेला असायचा म्हणे. आमच्याकडे गाडी नाही, खराटा नाही, मी आहे. सीटखालच्या बॅगेत ट्यूब, टायर लिव्हर, मल्टिटूल, फ्रेमला पंप, आणि जर्सीच्या मागच्या खिशात राजगिऱ्याची चिक्की, जी रोज विरघळून पाकिटाला चिकटते पण तरी लोक खातात.

क्लबातल्या निम्म्या लोकांना मी पाठीनं आधी ओळखायला लागले आणि चेहऱ्यानं नंतर. हेल्मेट, गॉगल, तोंडावर बफ, त्यात पहाटे साडेपाचचा अंधार, चेहरा दिसतो कुठे. एकदा लक्ष्मी रोडला एका बाईंनी छान हसून "काय, येत्या रविवारी कुठे?" विचारलं, मी पण हसून काहीतरी बोलले, मनात मात्र कोण या, कोण या चाललेलं, आणि त्या पुढे निघाल्या तेव्हा डावा खांदा किंचित खाली, अरे या तर आपल्या डॉक्टर मॅडम, दर रविवारी तीन तास यांच्याच मागे असते की मी! साडीत कधी पाहिलंच नव्हतं.

पाठीवरून बरंच कळतं. ज्यानं सीट खाली ठेवलीय त्याचे गुडघे बाहेर फेकले जातात, ज्यानं दुकानदाराच्या सांगण्यावरून उगाच वर ठेवलीय त्याची कंबर प्रत्येक पॅडलला डावीकडे उजवीकडे डुलते, आणि मग तोच माणूस दोन महिन्यांनी गुडघा दुखतो म्हणून सायकल ओएलएक्सवर टाकतो. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे, एवढं बघितलं तरी सुरुवातीला पुरतं. हे पुढून दिसत नाही. लीडला तर काहीच दिसत नाही, त्याला रस्ता दिसतो, खड्डा दिसतो, तो हात खाली करून खड्डा दाखवतो आणि "ब्रेकर!" ओरडतो, त्याचं काम तेवढंच आहे.

आणि खरी गोम त्या ब्रेकरमध्येच आहे. सिंहगड रोडला नांदेड फाट्यापासून खडकवासल्यापर्यंत जाताना बघा. लीड ब्रेकरला हळू होतो, पार करतो, परत आपला तीसला जातो. त्याच्या मते आपण एका लयीत चाललोय. पण तो तीसला पोचतो तेव्हा मागचे अजून ब्रेकरवर असतात, त्यांच्या मागचे ब्रेकरच्या अलीकडे, आणि अख्खी रांग रबर ताणल्यासारखी लांब होते. मग दहावा माणूस पस्तीसनं पळतो, पंधरावा अडतीसनं, शेवटचा तर उभा राहून पॅडल मारतो, तोवर पुढचा ब्रेकर. सपाटीवर पुढच्याच्या चाकाला धरून चाललं की मेहनत चांगली पाव-तिसरा हिस्सा वाचते, ग्रुपनं जायचा सगळा फायदा तोच, पण तो फायदा हात-दीड हातावर असाल तर. चार-पाच सायकलींची फट पडली की तुम्ही एकटे वाऱ्यात. आणि वारा काही सरळ हिशोबानं वाढत नाही, वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात कच्चा माणूस, एकटा, उघड्यावर, सगळ्यांपेक्षा जास्त वेगानं पळतोय, आणि पुढे लीड समजतोय की आज काय मस्त आरामात राइड चाललीय! त्यामुळे चांगला लीड कोण तर जो ब्रेकरनंतर मनातल्या मनात वीस मोजतो आणि मगच वेग वाढवतो. सिग्नलला तेच, चढ संपल्यावर तेच. चढाच्या माथ्यावर पुढचे उताराला लागतात आणि सुटतात, तेव्हा मागचे अजून चढत असतात, तिथे जी फट पडते ती पुढे पाच-सात किलोमीटर भरत नाही.

याहून वाईट म्हणजे रीग्रुप. ठरलेल्या ठिकाणी थांबायचं, समजा खडकवासल्याच्या धरणापाशी. पुढचे येतात, पाणी पितात, सेल्फी काढतात, कोणीतरी स्ट्रेचिंग करतो, दहा-बारा मिनिटं मजेत जातात. मग शेवटचा धापा टाकत येतो, एक पाय खाली टेकवतो, आणि लगेच हाक येते, "हां, आले सगळे, चला!" ज्याला थांबण्याची सगळ्यात गरज त्याला थांबायलाच मिळत नाही. मी कित्येक नवीन माणसं अशी जाताना पाहिलीत. भांडण नाही, तक्रार नाही, पुढच्या रविवारी "थोडं काम आहे" एवढा मेसेज आणि मग कधीच नाही. आमच्याकडे आता नियम आहे की शेवटचा आल्यावर पाच मिनिटं कोणी हलायचं नाही आणि फोटो तर त्याच्याशिवाय काढायचाच नाही. हा नियम करायला जेवढी चर्चा झाली तेवढी सोसायटीच्या पार्किंगवर पण होत नसेल.

हे सगळं मी काही स्वतः शोधून काढलेलं नाही, मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, बँकेतून रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांची सायकल स्टीलच्या फ्रेमची, गिअर बदलायच्या कांड्या अजून खालच्या नळीवर, दर वेळी हात खाली न्यावा लागतो. पुणं सायकलींचं शहर होतं त्या वेळचा हा माणूस, कॉलेज सुटलं की जंगली महाराज रोड नुसता सायकलींनी भरायचा, रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट दिसलं तरी सोडायचे, हे सगळं त्यांच्याकडून ऐकलेलं. पण ते त्यात फार रमत नाहीत, "तेव्हा पर्याय नव्हता म्हणून सायकल होती, हौस कसली" असं म्हणून मोकळे होतात.

तर मी पहिल्यांदा स्वीपर झाले तेव्हा आपली प्रत्येकाला विचारत सुटले होते, बरंय ना, ठीक ना, दमलात का. काका माझ्या शेजारी आले.

"अगं, बरंय ना असं विचारायचं नाही. पुण्यातला माणूस आयसीयूतून पण बरंय म्हणेल."

"मग काय विचारू, काका?"

"काल रात्री जेवायला काय होतं ते विचार."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण यात सगळं आहे. माणूस जर म्हणाला की अहो काल काय, मुलीला पावभाजी हवी होती, मग आम्ही बाहेरच गेलो, पण तिथे इतकी गर्दी, तर त्याला काही झालेलं नाही, वाढवा वेग. "पोळी. भाजी." असं दोन श्वासांत आलं तर तो कडेवर आहे. आणि नुसतंच "हं" आलं तर थांबायचं, काहीही कारण काढून थांबायचं, माझी चेन पडली, मला पाणी प्यायचंय, काहीही. त्याला दमलास म्हणून थांबवलं तर तो थांबत नाही. पुढे कळलं की याला टॉक टेस्ट म्हणतात आणि ट्रेनर लोक ती रीतसर वापरतात. काकांना हे नाव माहीत नव्हतं, सांगितल्यावर म्हणाले, "असेल."

बाँक होणं हा अजून एक प्रकार. शरीरात साठवलेली साखर जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत तळाला जाते, आणि तेव्हा पाय नाही, आधी डोकं जातं. बडबड्या माणूस गप्प होतो, शांत माणूस चिडचिडा होतो, आयटीतला एक मुलगा एकदा पिरंगुटच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसून "मला घरी जायचंय" असं इतक्या लहान आवाजात म्हणाला की मला त्याच्या आईला फोन करावासा वाटला. अशा वेळी "खातोस का" विचारायचं नाही, कारण तो नकोच म्हणतो. चिक्की फोडून हातात ठेवायची, वर इलेक्ट्रालचं पाणी, आणि आपण दुसरीकडे बघत उभं राहायचं. वीस मिनिटांत तो परत मला क्लाउड मायग्रेशन समजावून सांगत होता.

पंक्चरबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगते, पुण्याच्या आसपास काटा कमी आणि तार जास्त. ट्रकचे फुटलेले टायर हायवेच्या कडेला पडलेले असतात, त्यातल्या केसाएवढ्या तारा आपल्या टायरमध्ये घुसतात आणि आतच राहतात, म्हणून नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं, नाहीतर दहा मिनिटांत दुसरी ट्यूब पण जाते. आणि सीटखाली पितळेचा तो एवढासा ॲडाप्टर ठेवा, रोडबाइकचा प्रेस्टा व्हॉल्व आपल्या पंक्चरवाल्यांच्या हवेच्या पाइपला बसत नाही, पाच लाखांची सायकल घेऊन टपरीसमोर हताश उभी असलेली माणसं पाहिलीत मी. बाकी पंक्चर काढताना एकजण काढतो आणि सहाजण सल्ला देतात, हे जगभर असंच असावं, फक्त आमच्याकडे सल्ल्याच्या शेवटी "असो, तुझं तू बघ" असतं.

नवीन माणसाला आम्ही आधी कात्रजच्या जुन्या बोगद्याला नेतो. चढ लांब आहे पण मायाळू, पुढे खेड शिवापूरपर्यंत जाऊन यायचं, आणि येताना कितीही मोह झाला तरी नव्या बोगद्यातून नाही, जुन्याच घाटानं. नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा तो उतार, तिथे ब्रेक गेलेल्या ट्रकांनी काय काय केलंय ते पुणेकरांना सांगायला नको. मुळशीकडे जायचं तर चांदणी चौक ओलांडावा लागतो, २०२२ च्या ऑक्टोबरात तिथला जुना पूल स्फोटानं पाडला, पुढच्या ऑगस्टात नव्याचं उद्घाटन झालं, पण कुठल्या रॅम्पला लागलं की कुठे बाहेर पडतो हे आमच्यातल्या दोघा-तिघांना अजून कळलेलं नाही. भूगावला जायचं म्हणून निघालेला माणूस वारज्यातून फोन करतो.

आणि मग सिंहगड. पायथ्याच्या नाक्यापासून वर आठ-नऊ किलोमीटर, सात टक्क्यांच्या आसपासचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सात मीटर वर, आणि काही वळणांवर त्याच्या बरंच वर. इथे ग्रुपबिप राहत नाही. इतक्या कमी वेगात वाऱ्याचा आडोसा कोणाच्या कामाचा नसतो, ज्यानं त्यानं आपल्या लयीत चढायचं. सगळ्यात हलका गिअर टाकूनही शेवटचा माणूस सहा-सातच्या स्पीडनं चाललेला असतो आणि त्याच्या मागे मी. मला हा तास फार आवडतो. वडापच्या जीप शेजारून जातात, ड्रायव्हर ओरडतो, "ताई, टाका वर सायकल, सोडतो!" खरं काम इथे एवढंच की शेवटचा माणूस दमून नागमोडी चालवायला लागला की मी त्याच्या उजवीकडे थोडी बाहेर राहायचं, म्हणजे जीपवाला मला चुकवताना आपोआप त्यालाही चुकवतो.

पण माणसं घाटात बोलतात. का ते माहीत नाही, बहुतेक समोरासमोर बघावं लागत नाही म्हणून. नोकरी सोडायचीय, बायकोला अजून सांगितलेलं नाही. वडिलांना आता मी ओळखू येत नाही. एका बाईंनी मला चौथ्या की पाचव्या वळणावर सांगितलं की त्यांना खरं तर सायकलिंग अजिबात आवडत नाही, पण आठवड्यातले हे चार तास घरातलं कोणी हाक मारत नाही. मी यावर काही बोलत नाही, बोलायला श्वास पण नसतो. वर गेल्यावर दही, पिठलं-भाकरी, आणि तोच माणूस समोर बसून ठेच्यावरून विनोद करतो, आणि मीही तेच ऐकलंय जे बाकीच्यांनी ऐकलंय.

आमच्यातले बरेचजण बीआरएम करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही रेस नव्हे, लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस, एका सीझनमध्ये चारही केल्या तर तुम्ही सुपर रँडोनर, एसआर. मधे कंट्रोल असतात, तिथे वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, मधे पंक्चर झालं, पाऊस आला, झोप आली, तुमचं तुम्ही. मला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडते, निकालात नंबर नसतो. आठ तासांत आलेला आणि साडेतेरा तासांना पाच मिनिटं कमी असताना आलेला, दोघं एकाच यादीत, एकाच मापानं. पण तिथे स्वीपरही नसतो. वेळ संपली की संपली. रात्री अडीच वाजता इंदापूरच्या पुढे हायवेवर एकट्यानं सायकल हाणणारा माणूस रविवारी आमच्यात येतो तेव्हा दोनपैकी एक होतं, एकतर तो मागच्यासाठी थांबायला शिकलेला असतो, नाहीतर त्याला थांबणं म्हणजे टाइमपास वाटायला लागतो. अर्धे-अर्धे धरा.

त्या दुसऱ्या अर्ध्यांनीच मागच्या वर्षी विषय काढला की दोन ग्रुप करू, फास्ट आणि स्लो. मला वाटलेलं मी विरोध करीन. नाही केला. सगळ्यांनी एकत्र जायचं हे ऐकायला छान वाटतं, पण पुढच्यांनी सारखं घड्याळ बघत थांबायचं आणि मागच्यांनी सारखं सॉरी म्हणायचं यात कसली आलीय एकी. मी फक्त एवढंच म्हटलं की दोन्ही ग्रुपना आपापला स्वीपर हवा, फास्टमध्ये पण कोणीतरी शेवटचा असतोच, आणि स्वीपरची पाळी सगळ्यांना. ती पाळी आली तेव्हा आमचा सगळ्यात वेगवान पोरगा, ज्याच्या नावावर स्ट्राव्हा ॲपवर कुठले कुठले केओएम (त्या टप्प्यावरचा सगळ्यात कमी वेळ) आहेत, तो स्लो ग्रुपच्या मागे राहिला आणि दिवे घाटात एका नवीन मुलीला तळापासून वरपर्यंत "केडन्स! केडन्स वाढव! शिफ्ट कर! आता नको, आता कर!" (केडन्स म्हणजे मिनिटाला पॅडलचे फेरे.) ती वर आली आणि त्याला म्हणाली, "दादा, एक सांगू? गप्प बसा." मस्तानी तलाव खाली किती सुंदर दिसत होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

काका या वर्षी स्लो ग्रुपमध्ये आले. कोणी सुचवलं नाही, त्यांचे ते आले, आणि हळूहळू रांगेत एकेक करत मागे सरकले, आणि आता बहुतेक वेळा माझ्यासमोर त्यांचीच पाठ असते. ती अजून सरळ आहे. कात्रजला मधे एकदा मला मागे असूनही त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, जो आधी कधी यायचा नाही. पुढे होऊन विचारलं, "काका, काल रात्री जेवायला काय होतं?"

त्यांनी मान न वळवता सांगितलं, "वरणफळं होती, वर तूप, सुनेनं केली होती, मीठ जरा कमी होतं पण मी बोललो नाही, आणि तू हे का विचारत्येस ते मला ठाऊक आहे." एका दमात. मग पुढची दोन वळणं एक शब्द नाही. मी माझी चेन पडल्याचं सांगून थांबले. ते पण थांबले, चेनकडे बघितलं, काही म्हणाले नाहीत.

या रविवारी बोपदेव आहे, येवलेवाडीकडून वर आणि पुढे सासवडला नाश्ता. घाट छोटा पण खडा, नवीन तिघंजण येतायत. स्लो ग्रुपच्या स्वीपरची पाळी पुन्हा त्या केओएमवाल्या पोराची आहे. त्याचा मला पर्सनल मेसेज आलाय, ताई प्लीज तुम्ही घ्या ना, मला नाही जमत ते. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण त्यानं बहुधा काकांनाही विचारलं असावं, कारण आत्ताच ग्रुपवर त्यांचं आलंय: "त्यालाच राहू दे. मी त्याच्या पुढे असेन. जेवणाचा मेनू शनिवारी रात्रीच पाठ करून ठेवतो."